किमान पाणी

नदीकाठची चौकी
१९ नोव्हेंबर

दादा,

चौकीत फोनला रेंज नाही आणि तुझ्या कंट्रोल रूमच्या फोनवर बोललेला शब्दन् शब्द टेपवर जातो, तेव्हा आपल्या दोघांना कागदाशिवाय इलाज नाही. टपालाची गाडी गुरुवारी येते. ड्रायव्हरला सांगून ठेवलंय, धरणाच्या वसाहतीत शिरलास की पहिलं दार माझ्या दादाचं.

नोकरी लागून दोन महिने झाले आणि मला अजून कंटाळा आलेला नाही, हे आधी सांगते, कारण तू पैज लावली होतीस. सकाळी सातला कमरेपर्यंतचे रबरी बूट चढवून नदीच्या चौथ्या पट्ट्यात, म्हणजे चौकीसमोरच्या खडीच्या पात्रात, उतरायचं. पाणी किती खोल, किती जोरात, किती गार, ते बघायचं. मग डोळे मिटून हाताला लागेल तो गोटा उचलायचा आणि मोजायचा, असे शंभर. नावाडीकाका, म्हणजे ज्यांची होडी ऑफिसने भाड्याने घेतलीय ते, पहिल्या दिवशी म्हणाले, "मासे मोजायचे सोडून दगड काय मोजतेस?" म्हटलं, "काका, बाळंतपण कुठे होणार ती खोली बघतेय." तेव्हापासून तेच जास्त काटेकोर झालेत. गोट्यांच्या मधे गाळ दिसला की त्यांचा चेहरा पडतो.

आता तर खोल्या भरल्यात. माशाची मादी शेपटीने खडी उडवते, खळगा करते, अंडी घालते आणि वरून पुन्हा खडी ओढते. पाठीची कातडी सोलून निघते, पण थांबत नाही. आजपर्यंत एकशे चाळीस खळगे झाले. प्रत्येकाशेजारी मी नंबर रंगवलेला दगड ठेवलाय. मार्चमध्ये पिल्लं बाहेर येईपर्यंत अंड्यांना फक्त वरून वाहतं गार पाणी लागतं, बाकी काही नाही. म्हणून तर तो नियम आहे: अंडी खडीत असेपर्यंत धरणातून किमान पाणी सोडायचंच, पूर्ण बंद करायचं नाही. तुला मी नियम शिकवायला नको.

आता काम. काठावरचं यंत्र दर पंधरा मिनिटांनी पातळी कागदावर उतरवतं. दहा तारखेला आणि सतरा तारखेला, दोन्ही रविवारी, सकाळी साडेआठला रेघ धाडकन खाली येते आणि साडेबारापर्यंत खालीच. रेघ खरी मानली तर चौथा पट्टा चार तास कोरडा होता. दोन्ही रविवारी मी गावात होते, त्यामुळे डोळ्यांनी काही पाहिलं नाही. एकोणीस वर्षं तू धरणाच्या गेटवर आहेस. यंत्र बिघडलंय की आणखी काही?

वहिनीला आणि दोन्ही पोरींना आठवण सांग, थोरलीला जरा जास्त.

तुझी टिटवी


धरणाची वसाहत
२५ नोव्हेंबर

टिटवी,

पत्र मिळालं. वहिनीने मोठ्याने वाचलं. मादी खळगा करते तो भाग थोरलीने दोनदा वाचायला लावला आणि मग बागेत जाऊन हाताने खड्डा करून पाहिला. तो चिखल आम्ही दोन दिवस धूत होतो.

तुझं यंत्र बिघडलंय. त्या यंत्राला खाली एक नळ असतो, त्यात पाणी चढतं-उतरतं आणि आतला तरंगता गोळा रेघ ओढतो. नळ गाळाने बुजला की गोळा अडकतो. नळ काढ, तारेचा ब्रश घाल, उलटं पाणी सोड. रविवारचं म्हणशील तर दोन रविवारांवरून काही ठरत नसतं. इथे सगळं लॉगबुकप्रमाणे चालतं.

थंडी वाढतेय. कमरेएवढ्या पाण्यात तासन् तास उभी राहू नकोस. लहानपणी तुझे पाय निळे व्हायचे आणि मार मला बसायचा.

आणि एक. ऑफिसला काही लिहायचं झालं तर आधी मला कळव. यंत्रातल्या बिघाडावरून उगाच गाजावाजा नको.

दादा


नदीकाठची चौकी
३ डिसेंबर

दादा,

नळ साफ केला. आत एक गोगलगाय होती, बाकी काचेसारखा स्वच्छ. तरीही चोवीस तारखेच्या रविवारी रेघ पडलीच. म्हणून परवाच्या रविवारी मी गावात गेलेच नाही. काकाही थांबले. काठावर बसून थर्मासमधला चहा पीत होतो. आठ पस्तीसला काका कप खाली ठेवून म्हणाले, "पोरी, नदी चाललीय."

मला आधी कळलंच नाही. मग आवाज कळला, म्हणजे आवाज नसणं. खडीवरून पाणी जाताना जी एक सततची खळखळ असते, ती पातळ होत गेली. काठापासून आत ओली कड सरकायला लागली. आधी माझे काठाजवळचे नंबर उघडे पडले, मग मधले. नऊला मी बूट न भिजवता चौथ्या पट्ट्याच्या मधोमध उभी होते. ऊन नव्हतं. साडेनऊपर्यंत खडीवर पांढरा बर्फाचा पापुद्रा धरला.

एक मादी ताटाएवढ्या डबक्यात अडकली होती. अजून खळगा पुरता झाकला नव्हता तिने. काकांनी अंगातला कोट काढला, ओला केला, तिला त्यात गुंडाळलं आणि मधल्या धारेपर्यंत धावत नेलं. साठी उलटलेला माणूस, गोट्यांवरून, सदऱ्यावर. सोडून परत आले तेव्हा दात वाजत होते. म्हणाले, "हिची अंडी मात्र तिकडे नेता येत नाहीत." साडेबाराला पाणी परत आलं, जसं कोणी नळ सुरू करावा.

तेव्हा यंत्र ठणठणीत आहे. धरणावर कोणीतरी रविवारी पाणी बंद करतंय, पूर्ण बंद. तुझ्या धरणापासून इथे पाणी यायला दीड तास लागतो, म्हणजे सातला. तुला कळव म्हणाला होतास, पण मला दम धरवला नाही. सोमवारीच ऑफिसला अहवाल पाठवला. तू तिथे आहेस, जरा चौकशी कर ना, रविवारी सकाळी ड्यूटीवर कोण असतं? त्याचे कान मी स्वतः येऊन उपटेन.

टिटवी


धरणाची वसाहत
९ डिसेंबर

टिटवी,

मी आधी कळव म्हटलं होतं. कळवलं नाहीस.

रविवारी विजेची मागणी नसते. सोमवारी सगळे कारखाने एकदम सुरू होतात, तेव्हा पाणी भरलेलं लागतं. हे मी तुला समजावं म्हणून सांगतोय, कोणाचं समर्थन म्हणून नाही. ड्यूट्या बदलत असतात, कोण कधी असतं याचा हिशोब मी ठेवत नाही.

तुझ्याआधी त्या चौकीत एक जण होता. त्यानेही असंच काहीसं लिहिलं होतं. आता तो गावातल्या ऑफिसच्या तळघरात जुन्या फायलींना नंबर घालतो. तुला मोजायला नेमलंय, भांडायला नाही. मोज, लिही, आणि कागद पाठवून मोकळी हो. पुढे त्याचं काय होतं ते बघणं तुझं काम नाही. मी एकोणीस वर्षं असाच टिकलो.

वहिनीने लोकरीचे मोजे पाठवलेत. दोन जोड एकावर एक घाल.

दादा


नदीकाठची चौकी
२० डिसेंबर

दादा,

मोजे पोचले. वहिनीला सांग, बुटात बसतात.

बुधवारी ऑफिसच्या मॅडम स्वतः चौकीवर आल्या. बरोबर दोन माणसं आणि एक खोका. मला वाटलं, अहवाल वाचून नदी बघायला आल्या. त्या गाडीतून उतरल्याच नाहीत, काच खाली केली. म्हणाल्या, "तुमचं यंत्र सदोष आहे. धरणाच्या लॉगबुकाशी जुळत नाही."

मी म्हटलं, "लॉगबुक सदोष असेल."

"लॉगबुक सदोष नसतं. त्याच्यावर सही असते."

"माझ्या अहवालावरही सही आहे, मॅडम."

त्यांनी काच वर केली. माणसांनी यंत्र खोक्यात घातलं आणि दुरुस्तीला म्हणून घेऊन गेले. चालू असलेलं यंत्र दुरुस्तीला जाताना मी प्रथमच पाहिलं. जाताना माझ्या हातात एक जाड पाकीट ठेवलं, माझी खात्री पटावी म्हणून. तुमच्या लॉगबुकाच्या रविवारच्या पानांच्या झेरॉक्स. प्रत्येक रविवारी सकाळी ७.०० ते ११.०० या रकान्यात एकच ओळ: किमान पाणी चालू. सही म्हणून नुसती एक वेलांटी.

दादा, मला आकडे कोणी शिकवले? स्वयंपाकघरातल्या फरशीवर, खडूने. सातची शेपटी तू आत वळवून तिला बारीक गाठ मारायचास, आणि मी विचारलं की म्हणायचास, उडून जाऊ नये म्हणून बांधलाय. बाईंनी त्या गाठीवरून मला वर्गात उभं केलं होतं. जगात असा सात दोनच माणसं काढतात आणि त्यातली एक इथे चौकीत बसलीय.

मी सहाही पानं टेबलावर ओळीने मांडली. सहा रविवार, ७.०० मधले सहा सात, सहा गाठी. काकांनी विचारलं, "काय झालं गं?" मी म्हटलं, "काही नाही, डोळ्यात गेलं काहीतरी."

कान उपटायला येईन म्हणाले होते. तेव्हा तू हसलास का रे?

मी अहवाल मागे घेणार नाही. यंत्र नेलं तर नेलं. पाण्यात मोजपट्टी ठोकलेली आहे, ती त्यांच्या खोक्यात मावत नाही. परवाच्या रविवारपासून काका आणि मी आळीपाळीने बसून दर पंधरा मिनिटांनी पातळी वाचणार आणि वहीत लिहून दोघं सही करणार. खळगे आता दोनशे चौदा आहेत. सोमवारी त्यातला एक उकरून पाहिला. अंडी पांढरी पडली होती, उकडल्यासारखी. जिवंत अंडं नारिंगी असतं, त्यात दोन काळे डोळे दिसतात. एकातही दिसले नाहीत.

उत्तर द्यावंसं वाटलं तर दे.


धरणाची वसाहत
२९ डिसेंबर

वन्सं,

हे पत्र मी लिहितेय ते यांना माहीत नाही. तुमचं पत्र आल्यापासून हे धड जेवत नाहीत. पत्र शर्टाच्या खिशात घालून ड्यूटीवर जातात. थोरलीने विचारलं, आत्याने काय लिहिलंय, तर तिच्यावर ओरडले. या घरात यापूर्वी कोणी ओरडत नव्हतं.

स्पष्टच लिहिते. हो, रविवारची सकाळ यांचीच असते, चार वर्षं झाली. दुसरं कोणी घेत नाही म्हणून यांच्या गळ्यात मारलीय. मोठे साहेब स्वतः खाली येतात, तोंडी सांगतात आणि जातात. लिहायचं यांनी. नाही म्हटलं तर काय होतं ते तुम्हाला माहीत नाही, कारण तुम्ही चौकीत एकट्या राहता. हे घर धरणाचं, शाळा धरणाची, दवाखाना धरणाचा. यांना काढलं तर आम्ही चौघं कुठे जायचं ते तुमच्या मोजपट्टीवर दिसतं का?

तुम्ही खरं बोलताय हे मला कळतं. पण खरं बोलणं तुम्हाला स्वस्त पडतंय, एवढं कळवावंसं वाटलं. राग आला तर येऊ दे. मला आलाय.

तुमची वहिनी


नदीकाठची चौकी
४ जानेवारी

वहिनी,

राग आला नाही. तुम्ही लिहिलंत हे बरं केलंत, दादापेक्षा तुमचा हात सरळ चालतो.

स्वस्त पडतं हे तुमचं बरोबर आहे. मी त्याच्यावर दोन दिवस विचार केला. म्हणून दोन गोष्टी सांगते. ते सात कोणाचे, हे मी एकाही माणसाला सांगितलेलं नाही, काकांनाही नाही. आणि सांगणारही नाही. ते सांगायचं तर दादाने सांगावं.

दुसरी गोष्ट तुम्हाला आवडणार नाही. मी लिहायची थांबणार नाही. गेल्या दोन्ही रविवारी पट्टा कोरडा पडला, दोन्ही वेळा आम्ही वहीत वेळा लिहिल्या. बावीस तारखेला तर इतकं गार होतं की पेनची शाई गोठली, काकांनी पेन काखेत धरून गरम केलं. मॅडमनी निरोप पाठवलाय की हाताने घेतलेल्या नोंदी ग्राह्य धरल्या जाणार नाहीत. मी उलट निरोप पाठवला की धरू नका, मी फक्त लिहितेय. दर सोमवारी एक प्रत त्यांना, एक प्रत त्यांच्या वरच्यांना, एक त्यांच्याही वरच्यांना. टपालाचा ड्रायव्हर म्हणतो, ताई, तुमच्यामुळे माझी गाडी भरून जाते.

मला चौकीतून काढून तळघरात बसवतील, तर तिथल्या फायलींमध्ये त्या आधीच्या माणसाचा अहवाल असेलच. तो शोधीन आणि त्याच्याही प्रती काढीन.

दादाला सांगा, नाही सांगितलंत तरी चालेल, मला त्याची आठवण येते.

टिटवी


नदीकाठची चौकी
१२ जानेवारी

दादा,

तू उत्तर देत नाहीस, तरी लिहितेय, कारण मला कोणाला तरी विचारायचंय. आज रविवार. सकाळी आठपासून बसलो. साडेआठ झाले, नऊ झाले. पाणी उतरलंच नाही. काकांनी तीनदा डोळे पुसून पट्टी वाचली. दुपारी दोनपर्यंत सगळ्या ओळींत तोच आकडा.

काका खूश आहेत. मी नाही. आमच्या नोंदी पोचायला लागल्या म्हणून साहेबांनी दिवस बदलला असणार, रविवारऐवजी मधला कुठला तरी वार काढला असणार. मग आम्हीही रोज बसू. हा डाव त्यांनी तुला सांगितला असेल तर निदान वार कळव. नाहीतर नको कळवू. बसू आम्ही.

टिटवी


धरणाची वसाहत
१३ जानेवारी

टिटवी,

तुझं वीस डिसेंबरचं पत्र अठरा दिवस खिशात होतं. घड्यांवर फाटलंय. आता सांगतो.

तू कान उपटायला येईन म्हणालीस तेव्हा मी हसलो नव्हतो. ते वाक्य मी वहिनीला वाचूही दिलं नव्हतं.

काल रविवार. पावणेसातला मोठे साहेब आले. असले हुकूम ते फोनवर देत नाहीत, पायी येतात. नेहमीप्रमाणे दारातूनच म्हणाले, "चला, करा बंद." मी खुर्चीतून उठलो, फोनचा रिसीव्हर उचलला आणि त्यांच्यापुढे धरला. म्हटलं, "साहेब, यात सांगा."

ते म्हणाले, "काय?"

"टेपवर येऊ दे. मग करतो."

त्यांनी रिसीव्हरकडे असं पाहिलं, जसा मी साप धरला होता. मग हळू आवाजात म्हणाले, "तुझी बहीण तुला खड्ड्यात घालतेय." मी म्हटलं, "ती खड्डेच मोजते, साहेब, तिला सवय आहे." कुठून आलं हे तोंडात, माहीत नाही. रिसीव्हर मात्र दोन्ही हातांनी धरून ठेवला.

ते गेटच्या चाकापाशी गेले. मी म्हटलं, "तुम्हाला फिरवायचं असेल तर फिरवा. वेळ मी लिहितो, आणि कोणी फिरवलं तेही." त्यांनी चाकावर हात ठेवला. किती वेळ उभे होते सांगता येत नाही. मग निघून गेले. दार आपटलं नाही, त्याचीच मला जास्त भीती वाटली.

मी लॉगबुक उघडलं आणि लिहिलं: ७.०० वा. पाणी पूर्ण बंद करण्याचा तोंडी हुकूम मिळाला. पाळला नाही. किमान पाणी चालू. खाली वेलांटी नाही, पूर्ण नाव.

त्याच्या खालच्या ओळीत आणखी एक लिहिलं: मागील नऊ रविवारच्या याच वेळेच्या नोंदी खोट्या आहेत आणि त्या मी केल्या आहेत. चार वर्षांतल्या बाकीच्या किती, ते आता मलाही सांगता येणार नाही.

दुपारी घरी आलो. वहिनीला सांगितलं. ती उठून माळ्यावरून रिकाम्या पेट्या काढायला लागली. म्हणाली, "घर सोडावं लागलं तर ऐन वेळी पळापळ नको." रागाने म्हणाली की कसं, ते मला चौदा वर्षांच्या संसारात अजून ओळखता येत नाही.

दादा


नदीकाठची चौकी
२० जानेवारी

दादा,

आपली पत्रं रस्त्यात एकमेकांना ओलांडून गेली. माझं बारा तारखेचं पत्र फाडून टाक. मी तुझ्या चांगल्या कामाला साहेबांचा डाव समजले.

तुझं पत्र काकांना वाचून दाखवलं, सगळं, सातांसकट. आता तूच लिहिलंयस तर लपवायचं कशाला. काका बराच वेळ शेकोटीत काटक्या घालत बसले. म्हणाले, "चार वर्षं माझ्या जाळ्यात मासा का येत नव्हता, ते आज कळलं." मला वाटलं, आता तुला शिव्या घालतील. त्यांनी हक्कच आहे म्हणून एक घातलीही, ती इथे लिहीत नाही. मग म्हणाले, "पण रिसीव्हर धरला हे बेस केलं त्याने."

मला मात्र तुझ्यावरचा राग एकदम सोडता येत नाही. खोटं सांगणार नाही. पहिल्या पत्रात मी तुला विचारलं होतं आणि तू मला नळ साफ करायला लावलास. गारठ्यात, तारेच्या ब्रशने. तो राग थोडा राहू दे, हळूहळू जाईल.

पेट्या भराव्या लागल्या तर इकडे या. चौकीत दोन खोल्या आहेत. एकीत मी आणि दुसरीत पाण्याच्या नमुन्यांच्या बाटल्या. बाटल्या बाहेर काढता येतात.

टिटवी


धरणाची वसाहत
१८ फेब्रुवारी

टिटवी,

चौकशी झाली. तीन जण बाहेरून आले होते. एका लांब टेबलापलीकडे ते, अलीकडे मी. मोठे साहेब खिडकीशी, जणू हवा खायला आलेत.

मधल्याने विचारलं, "हुकूम मोडायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?"

मी म्हटलं, "हुकूम मोडला नाही. नियम पाळला. तो तुमच्या डोक्यावर भिंतीला टांगलाय, काचेत."

तिघांनी मान वर करून पाहिलं. काचेवर एवढी धूळ होती की एकाला उठून रुमालाने पुसावी लागली, तेव्हा अक्षरं दिसली.

मग म्हणाले, तुमच्या आधीच्या नोंदी खोट्या होत्या याला पुरावा काय. मी म्हटलं, नदीकाठच्या चौकीतली वही मागवा. ते म्हणाले, ती ग्राह्य नाही. तेव्हा त्यांच्यातल्या बाईने पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढला. तुझ्याच प्रती. "या माझ्या टेबलावर दर आठवड्याला येतात," ती म्हणाली. "वाचल्यात मी. पेन गोठल्याचंही लिहिलंय." आणि तिने तारखा मिळवायला सुरुवात केली. तुझी एक, माझी एक. वहीतल्या तीनही तारखा जुळल्या. यंत्राच्या आधीच्या सहा रेघा तिने मागवून घेतल्या, त्याही जुळल्या.

निकाल असा. गेटवर सीलबंद मीटर बसणार, त्याचा आकडा रोज बाहेरच्या फलकावर लागणार. तुझं यंत्र परत मिळणार. मोठ्या साहेबांना लेखी समज, खुर्ची तीच. मला कंट्रोल रूममधून काढून स्टोअरमध्ये, कायमचं. आता मी लोकांना नटबोल्ट आणि हातमोजे देतो. घर राहिलं. वहिनीने पेट्या परत माळ्यावर टाकल्या, पण रिकाम्याच टाकल्या का भरून, ते मी पाहिलं नाही.

वसाहतीत काही जण माझ्याशी बोलत नाहीत. रविवारच्या ड्यूटीवर आता जो आहे, पोरगा नव्हे, चांगला पन्नाशीचा माणूस, तो मात्र काल हातमोजे न्यायला आला आणि उगाचच पाच मिनिटं थांबला. जाताना म्हणाला, "चालू आहे बरं का." मी विचारलं नव्हतं.

दादा


नदीकाठची चौकी
२४ मार्च

दादा,

पिल्लं बाहेर आली.

आम्ही प्रत्येक खळग्यावर जाळीची टोपी बसवली होती, बाहेर पडणारं पिल्लू तिच्यात सापडावं म्हणून. तीन आठवडे रोज सकाळी टोप्या उघडायच्या, मोजायचं, सोडायचं. पिल्लू म्हणजे काय, तर दोन डोळे आणि त्यांच्यामागे एक दोरा. तळहातावर घेतलं की ते तुझ्याकडे बघतंय असं वाटतं. काकांनी प्रत्येकाला सोडताना काहीतरी पुटपुटलं. काय ते विचारलं तर म्हणतात, पत्ता सांगतो.

दोनशे चौदापैकी त्रेसष्ट खळगे जगले. बहुतेक मधल्या धारेच्या कडेचे, आणि काही डिसेंबरच्या मध्याला झालेले, ज्यांना कोरडे रविवार कमी लागले. एकशे एक्कावन्न टोप्यांत काहीच आलं नाही. त्याही रोज उघडल्या.

काल मॅडम आल्या. या वेळी गाडीतून उतरल्या. अहवालाचा मसुदा वाचला. म्हणाल्या, "सगळं ठीक आहे. फक्त मृत्यूचं कारण बदला. कडाक्याची थंडी लिहा. थंडी पडलीच होती, ते काही खोटं नाही."

मी म्हटलं, "थंडी पाण्याखाली पोचत नाही, मॅडम. पाणी काढून घेतल्यावर पोचली."

"चौकशी झाली, विषय संपला. आता कशाला उकरताय?"

"उकरून बघणं हेच माझं काम आहे."

त्या म्हणाल्या, असा अहवाल वर गेला तर पुढच्या वर्षी ही चौकी ठेवायची की नाही याचा विचार होईल. मी म्हटलं, होऊ दे विचार, चौकी नसली तरी काठ कोणाचा नाही, काकांची होडी आहे, मोजपट्टी मी विकत आणेन.

कारण बदललेलं नाही. लिहिलंय: धरणातून पाणी पूर्ण बंद केल्यामुळे. त्याखाली नऊही तारखा. खाली माझी सही, तिच्याखाली काकांची. त्याच्याखाली जागा मुद्दाम ठेवलीय. "पाणी बंद करणाऱ्या व्यक्तीचा दुजोरा" असं मी पेन्सिलीने लिहिलंय. सही करायची असेल तर कर. नाही केलीस तर पेन्सिल खोडून टाक आणि पान तसंच परत पाठव, मी काही म्हणणार नाही. तुझं घर, तुझी थोरली आणि वहिनी, हे सगळं मला दिसतं. यावेळी खरंच दिसतं.

आणि वसंत सरायच्या आत एकदा ये. एकोणीस वर्षं तू पाणी सोडलंस, खाली ते कुठे जातं ते तू एकदाही पाहिलेलं नाहीस.

टिटवी


धरणाची वसाहत
३१ मार्च

टिटवी,

पान सोबत जोडलंय.

ते घरी उघडलं नाही, स्टोअरच्या काउंटरवर उघडलं. घरी उघडलं असतं तर वहिनीच्या तोंडाकडे बघत बसलो असतो. पण डबा द्यायला ती तिथेच आली, तेव्हा व्हायचं ते झालं. तिने सगळं वाचलं, पेन्सिलीची ओळसुद्धा. म्हणाली, "पेन्सिलीने काय सही करायची असते?" आणि डबा ठेवून गेली.

पेन शोधत होतो तेवढ्यात मोठे साहेब आले. त्यांना बॅटरीचे सेल हवे होते. पान काउंटरवरच होतं. म्हणाले, "हा कसला कागद?"

मी म्हटलं, "बसा, वाचून दाखवतो."

ते बसले नाहीत. मी वाचलं. दोनशे चौदापासून सुरुवात केली, मग त्रेसष्ट, मग कारण, मग एकेक तारीख. मागे दोन वायरमन हातमोज्यांसाठी उभे होते, त्यांनीही ऐकलं. नववी तारीख झाल्यावर मी साहेबांच्या खिशातलं पेन मागितलं. माझं सापडत नव्हतं.

द्यावं लागलं. सही केली, पेन परत दिलं, आणि सेलच्या रजिस्टरवर त्यांची सही घेतली.

रविवारी येतोय. थोरलीला घेऊन.

दादा